चाळीस लाद्यांचं बेनाहार

या, असे पुढे सरकून बसा. भिंतीला टेकलेल्यांनीही या, सतरंजी ऐसपैस आहे. एका गावाची गोष्ट सांगतो. गाव स्पेन देशातलं, तीनशे उंबऱ्यांचं. मी ते कधी पाहिलं नाही, आणि ज्यांच्या तोंडून ते माझ्या मनात उतरलं त्या बाबाजींनीही पाहिलं नव्हतं. तरी उद्या कुणी मला तिथे नेऊन सोडलं, तर झऱ्यापासून शेवटच्या बागेपर्यंत मी कुणालाही न विचारता चालत जाईन. आख्यान नीट लागलं की असं होतं. माणूस बसल्या जागी जाऊन येतो.

साल एकोणीसशे नव्व्याण्णव. मी नागेश, फुजैऱ्यात एका दगडाच्या कंपनीत स्टोअरकीपर होतो. फुजैरा म्हणजे दुबई नव्हे. समोर समुद्रात तेल भरायला थांबलेली जहाजं, मागे उघडेबोडके डोंगर, मधल्या पट्टीत आम्ही. मराठी माणसं पंचवीस-तीस, बहुतेक गवंडी, फिटर आणि ड्रायव्हर. शुक्रवारी सुट्टी असायची. सकाळी आंघोळी उरकल्या की कॅम्पमधल्या मोठ्या खोलीतल्या खाटा उभ्या करून भिंतीला लावायच्या, सतरंजी अंथरायची आणि बाबाजींच्या कीर्तनाला बसायचं.

बाबाजी कुडाळकडचे. हातात थापी असली की गवंडी, चिपळ्या असल्या की हरिदास. गळा गोड होता असं म्हणणार नाही, सिमेंटने तो थोडा खरवडलेला होता. पण आख्यान सांगावं त्यांनीच. पूर्वरंगात देवाचं सांगत आणि उत्तररंगात माणसाचं, आणि दोन्हीकडे सूर तोच. मी झांज धरायचो. खरं तर झांज हे निमित्त, गादीच्या जवळ बसायला मिळावं एवढाच हेतू.

त्या वर्षी आमच्या कंपनीकडे एका घराचं काम आलं. डोंगराच्या पायथ्याशी, खजुराच्या बागेला लागून. मालकीण जैनब नावाच्या बाई. सगळे त्यांना उम्म हारुन म्हणत, म्हणजे हारुनची आई. वय साठीच्या पुढे. त्यांचे वडील गलबत घेऊन मुंबई-रत्नागिरीला जायचे, त्यामुळे बाईंचं हिंदी असं पक्कं होतं की आमचे पुण्याचे साइट इंजिनिअर शार्दूलसाहेब त्यांच्यापुढे अडखळायचे. घरात पाहुण्यांसाठी एक लांब दालन होतं, त्याला तिकडे मजलिस म्हणतात. त्या मजलिसच्या जमिनीसाठी बाईंनी स्पेनहून संगमरवर मागवला. दगडाबरोबर दगडाचा माणूसही आला.

त्याचं नाव हुलियान. बासष्ट वर्षांचा, ठेंगणा, डोळे हसरे, उजव्या हाताची करंगळी खाणीत गेलेली. त्याचं इंग्रजी माझ्यासारखंच होतं, गरजेपुरतं, म्हणून आमचं छान जमलं. कंपनीच्या गोडाऊनमध्ये त्याने तीनशेवर लाद्या उतरवून घेतल्या. सगळ्या दुधावरच्या सायीच्या रंगाच्या. त्यातल्या चाळीस मात्र त्याने वेगळ्या, एका रांगेत उभ्या केल्या. त्या प्रत्येकीतून चार बोटं रुंदीची तपकिरी शीर गेली होती. कुठे वळलेली, कुठे फाटे फुटलेली, कुठे मध्येच गाठ असलेली. प्रत्येक लादीवर त्याने खडूने नंबर घातला.

बाबाजींनी रांग पाहिली आणि मला हळूच म्हणाले, "नागेशराव, विचारा त्याला, हा डागी माल मोजून का ठेवलाय?"

मी जरा गोड करून विचारलं. हुलियान पहिल्या लादीजवळ गेला, शिरेवर तळहात ठेवला आणि म्हणाला, "हा डाग नाही. हे पाणी."

मग कळलं. उम्म हारुनना दारातून आत आलेली आणि बागेच्या खिडकीशी जाऊन थांबणारी एक पाण्याची वाट हवी होती, दगडातच. हुलियानने त्यासाठी एकाच मोठ्या धोंड्यातून त्या चाळीस लाद्या ओळीने कापवून घेतल्या होत्या. ही जमीन बाईंना पसंत पडली तर दुबईत त्यांच्या भावाची मोठी इमारत उठत होती, तिचा सगळा दगड बेनाहारच्या खाणीतून यायचा होता. नाही पडली, तर नाताळानंतर खाण बंद. बेनाहार हे हुलियानचं गाव. बावीस कुटुंबांनी मिळून ती खाण चालवली होती, आणि गावात दुसरं असं काही उरलं नव्हतं ज्यासाठी तरुण माणूस थांबेल.

हे त्याने रडत नाही सांगितलं. डब्यातलं जैतूनचं फळ तोंडात टाकता टाकता सांगितलं.

त्यानंतर रोज जेवणाच्या सुट्टीत तो त्या चाळीस लाद्यांसमोरून चालायचा आणि प्रत्येक लादीवर बोट ठेवून गाव सांगायचा. मी इंग्रजीतून मराठी करायचो, बाबाजी डोळे मिटून ऐकायचे.

काय गाव होतं ते. पाऊस असा बेताचा की वर्षातले भिजण्याचे दिवस बोटांवर मोजावेत. डोंगरावर गवत नाही, झुडूप नाही. पण डोंगराच्या पोटात एक झरा. आठ-नऊशे वर्षांपूर्वी तिथे राहणाऱ्या अरबांनी तो झरा हेरला आणि खडक कोरून त्याला गावापर्यंत वाट करून दिली. कोसभर वाट, आणि उतार इतका हलका की पाणी पळतही नाही आणि थांबतही नाही. पाणसळ हातात धरणाऱ्या बाबाजींनी हे ऐकून कपाळाला हात लावला. ते म्हणाले, "आम्ही दहा फुटांच्या मोरीला उतार देताना दोनदा चुकतो."

पाणी एका टाक्यात यायचं. टाक्याशेजारी एक पांढरी भिंत, तिच्यावर रेघा. खुंटीची सावली एका रेघेवरून दुसऱ्या रेघेवर गेली की एका बागेची पाळी संपली, दुसरीची सुरू. भांडण नाही, घड्याळ नाही. पुढे राज्य बदललं, अरबांना देशाबाहेर घालवलं, तेव्हा गावात आलेल्या नव्या लोकांना पाणी कसं वळवायचं तेच समजेना. बागा वाळायला लागल्या. मग सहा घरांना परत बोलावून आणलं, पाणी शिकवायला. ती सहा घरं पुढे गावातलीच झाली. हुलियान म्हणायचा, माझी आई त्या घरांतली असावी, कारण तिला कुणी न सांगता पाण्याची पाळी कळायची.

मग तुतीची झाडं आणि रेशीम. रेशीम संपलं तेव्हा शिसं. शिसं संपलं तेव्हा बदाम, आणि डोंगराच्या पाठीमागचा हा साईसारखा दगड. हुलियानच्या वडिलांनी तो बैलांकडून ओढवला होता. भाऊ भावावर उठला ते यादवीचं सालही त्या गावाने पाहिलं, पण त्या साली सुद्धा पाण्याची पाळी कुणी मोडली नाही. रात्री एकमेकांच्या दारावर दगड मारणारे लोक सकाळी त्या भिंतीपाशी शेजारी उभे राहून सावली बघायचे. आता शाळेत नऊ मुलं. बाकीची बार्सिलोनाला.

एकदा बाबाजी मला म्हणाले, "नागेशराव, ह्या माणसाने आख्यान तयार करून आणलंय. फक्त चाल लावायची राहिलीय."

पुढच्या शुक्रवारी त्यांनी चाल लावली. हुलियानला आम्ही गादीसमोर बसवला, माझ्या शेजारी. त्याला बुक्का लावला, हार घातला. पूर्वरंग झाला, देवाने कोरड्या जागीही ओल ठेवलेली असते असं निरूपण झालं, आणि बाबाजींनी उपरणं सावरून उत्तररंगात बेनाहार उभं केलं.

डोंगर कोरडा, पोटी ओल त्याच्या,
वाट पाणियाच्या पायाखाली.
सावली मोजून वाटियेले पाणी,
नाही राजा-राणी पाण्यापुढे.

झरा, बोगदा, टाकं, भिंत, सहा घरं, तुतीची रांग, धुण्याची जागा, पिठाची गिरणी, चर्च, बदामाचे सात मळे. एकेक ठिकाण आलं की त्याचं नाव बाबाजी हुलियानच्याच भाषेत घ्यायचे, आणि मराठी न समजणारा तो म्हातारा मान हलवायचा. खोली इतकी रंगली की शेवटी आरतीला ताट फिरवायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

त्यानंतर पाचव्या दिवशी हुलियानच्या छातीत कळ आली. तिथल्या डॉक्टरांनी त्याला घरी जायला सांगितलं. विमानतळावर नेणाऱ्या गाडीत बसताना त्याने बाबाजींचा हात धरला आणि मला म्हणाला, "याला सांग, नंबराप्रमाणे लाव."

लावणार बाबाजीच होते. पण शारजातल्या एका कामावर जिना खचला म्हणून कंपनीने त्यांना आठवडाभर तिकडे पाठवलं. मीही कंटेनर सोडवायला दुबईत अडकलो. मजलिसचं काम बाबाजींनी महादूवर सोपवलं. महादू त्यांच्याच वाडीतला, नुकता गावाहून आलेला, हात साफ, स्वभाव गरीब. हुलियान गेल्यानंतर तो आला, त्याने ना रांग पाहिली होती ना कीर्तन ऐकलं होतं. बाबाजी त्याला एवढंच म्हणाले, "नंबर घातलेत, बघून घे. आधी नुसत्या मांडून ठेव, खालचा सिमेंटचा माल मी आल्यावर घालू."

बुधवारी दुपारी बाबाजी आणि मी एकाच वेळी साइटवर पोचलो. महादू दारात उभा, तोंडावर समाधान. मजलिस लख्ख होती. साईच्या रंगाची जमीन दारापासून खिडकीपर्यंत, एकसुद्धा रेघ नाही. शिरेच्या चाळीसही लाद्या चारी भिंतींच्या कडेला लावलेल्या, जिथे पुढे गाद्या आणि लोड येणार.

"डागी सगळे कडेक घातलंय," महादू म्हणाला. "मदी एक दिसाचो नाय. बसाचे गादये पडले की कोणाक कळाचाव नाय."

बाबाजी वाकून लाद्यांवर खडू शोधायला लागले. मी विचारलं, "महादू, नंबर कुठे गेले?"

"नंबर? धुवान काढलंय. धूळ हुती. धुतल्याशिवाय दगड लावचो नाय, ह्या बाबाजींनीच शिकवलेला."

आमच्याकडे जांभ्याच्या चिऱ्याला पिवळ्या मातीची रेघ असली की तो चिरा गवंडी आतल्या बाजूला घालतो, दर्शनी कधी लावत नाही. आणि कुठलाही दगड भिजवल्या-धुतल्याशिवाय बसवत नाही. चांगल्या गवंड्याने जे करावं ते सगळं महादूने केलं होतं. मनापासून, दोन दिवस राबून.

शार्दूलसाहेब आले. नकाशा उघडला. नकाशात कडेला एक ते चाळीस नंबरांची यादी होती, वाट कुठे वळते ते काढलेलं नव्हतं. "म्हणजे प्लॅनवर नंबर आहेत आणि स्टोनवर नाहीत," ते म्हणाले. "ग्रेट. मॅडम सॅटर्डेला सकाळी येणार आहेत. भाऊ पण येतोय त्यांचा, दुबईहून. बाबाजी, कोणी केलं हे?"

"मी," बाबाजी म्हणाले.

"तुम्ही शारजाला होता."

"शिकवण माझी, साहेब. पोराने ती पाळली."

मी ऑफिसमधून बेनाहारला फोन लावला. खाणीच्या कचेरीतल्या माणसाने शांतपणे सांगितलं की नंबर दगडावर आहेत, आणि हुलियानवर मुर्सिया शहरात काल शस्त्रक्रिया झाली, तो बोलू शकत नाही. मग त्याने विचारलं, सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं, सगळं ठीक. देवाने मला त्या दोन शब्दांची क्षमा करावी.

परत आलो तर बाबाजी मजलिसच्या दारात मांडी घालून बसले होते. महादू कोपऱ्यात तोंड पाडून. शार्दूलसाहेब म्हणाले, "शिरा जुळवत जाऊ ना. जिगसॉसारखं."

तसं करून पाहिलं. पण कडेला शीर सगळीकडे चार बोटंच, कुठलीही लादी कुठल्याही लादीला लागायची. सात-आठ लाद्या झाल्या की वाट भिंतीवर जाऊन आपटायची. संध्याकाळपर्यंत तीनदा मांडली आणि तीनदा उचलली.

गुरुवारी सकाळी बाबाजी आंघोळ करून, गंध लावून साइटवर आले. चिपळ्या आणल्या नव्हत्या. मला म्हणाले, "दुसऱ्याचं घर आहे, देवाचं नाव मनात घेऊ. नागेशराव, तुम्ही ताल धरा, नुसता टाळीवर. त्याने सांगितलेलं गाव मी त्या शुक्रवारी कीर्तनात गायलोय. परत गातो. जे ठिकाण येईल त्याची लादी शोधू."

शार्दूलसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "हे सीरियसली?"

"दुसरं काही आहे का तुमच्याकडे?" मी म्हटलं.

"नाही. यल्ला, करा."

बाबाजींनी सूर लावला. झरा. चाळीस लाद्या भिंतींच्या कडेने उभ्या होत्या. हुलियानने झरा दाखवताना एका लादीवरचे तीन बारीक धागे एकत्र येताना दाखवले होते. मी तसं सांगताच महादूने ती ओळखली आणि उचलून दारात आडवी केली. मग बोगदा, जिथे शीर काळी पडते. मग टाकं, जिथे ती फुगते. बाबाजी एक ओळ म्हणायचे, थांबायचे, डोळे मिटून हुलियानचं बोट आठवायचे, "उजवीकडे कललेली, खाली पांढरा ठिपका," आणि साइटवरचे चार मदतनीस शोधायला लागायचे. ते बिहारचे, मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण दुपारपर्यंत तेही गुणगुणायला लागले.

धुण्याच्या जागेची लादी सापडत नव्हती. बाबाजींनी ओवी दोनदा म्हटली. बायका कपडे आपटताना पाण्यावर वर्तुळं उठतात असं त्यात होतं. महादूने एक लादी उलट फिरवली, आणि शिरेत एकात एक दोन कडी निघाली. महादू पहिल्यांदा हसला. "ह्या गावात बायको करूची," तो म्हणाला. बाबाजी म्हणाले, "आधी लादी ठेव, मग करार बघू."

गुरुवार संपताना बावीस लागल्या होत्या. वाट दारातून निघाली होती, दोन बांक घेऊन दालनाच्या मध्यावर आली होती. हुलियान जसा हाताने दाखवायचा तशीच.

शुक्रवारी, सुट्टी असून, सगळे हजर. पुढचं ठिकाण पार. चर्चसमोर पिंपळाचा पार आणि त्यावर बसून सुनांच्या चहाड्या सांगणारे म्हातारे. शिरेत गोल गाठ असलेली एक लादी होती, ती पिंपळ म्हणून लावली. तिथून पुढे घोटाळा सुरू झाला. बदामाचे मळे वाकडे जायला लागले, खळं भिंतीत शिरलं, आणि खिडकी अजून बारा फुटांवर असताना वाट संपली. जागेवर बसवल्या त्या सदतीस. उरलेल्या तीन लाद्या कुठेच बसेनात.

परत पहिल्यापासून गायलं. पिंपळापर्यंत सगळं बरोबर, पिंपळानंतर बिघडतं. शार्दूलसाहेब घड्याळ बघत होते. "बाबाजी, आर यू शुअर तो ऑर्डर असाच होता?"

"कीर्तनात असंच गायलो होतो, साहेब. शब्दाला शब्द."

ते खरं होतं. मी त्या दिवशी झांज धरून होतो. आणि तेव्हा मला ते आठवलं. हे बोलणं माझ्या तोंडी शोभणारं नव्हतं.

"बाबाजी," मी म्हटलं, "रागावू नका. त्या दिवशी हुलियान माझ्या शेजारी होता. प्रत्येक ठिकाणाला मान हलवत होता. पाराच्या वेळी सगळी खोली हसली, म्हणून तोही हसला. पण त्याची मान हलली नाही."

बाबाजी उठून माझ्यासमोर आले.

"स्पेनमध्ये पिंपळ असतो का हो?" मी विचारलं.

 मग बाबाजींनी दोन्ही कान धरले. "नसतो. मी लावला. सभा जरा ढिली पडतेय असं वाटलं, आणि मी त्याच्या गावात झाड लावलं. गादीवर उभा राहून."

"लोकांना आवडलं ते," महादू चाचरत म्हणाला, जरी त्याने ऐकलं नव्हतं.

"आवडणारच. खोटं नेहमी आवडतं. खरं म्हणजे तिथे काहीच नाही. चर्च आणि मग थेट पहिला बदाम. मधल्या जागेत पाणी नुसतं सरळ जातं."

अगदी सरळ शिरेची एक लादी कडेला उभी होती. कुणी तिच्याकडे पाहिलं नव्हतं, कारण तिच्यात काही सांगण्यासारखं नव्हतं. पिंपळ उचलला आणि चर्चच्या लादीपुढे ती ठेवली, नेमकी लागली. तिथून पहिला बदाम लागला, दुसरा, सातही मळे. गोल गाठीची लादी खरं तर खळ्याची होती, मळणीच्या बैलांनी गोल फिरून केलेली. शाळा लागली, दफनभूमी लागली, आणि शुक्रवारची दुपार कलली तेव्हा शेवटची बाग बरोबर खिडकीखाली येऊन थांबली. बाहेर उम्म हारुनची खजुराची बाग, आत बेनाहारची. मध्ये काच.

बाबाजींनी जमिनीला हात लावून तो डोळ्यांना लावला.  शार्दूलसाहेब स्वतः जाऊन सगळ्यांसाठी चहा घेऊन आले.

शनिवारी बाई आल्या. सोबत भाऊ, दोन नातवंडं. आत येण्याआधी शार्दूलसाहेब बाबाजींना कुजबुजले, "झालेलं काही सांगू नका. खलास, विषय संपला."

बाई दारात थांबल्या. चपला काढल्या. पहिल्या लादीकडे बघून म्हणाल्या, "ये किसने बिछाया?"

बाबाजी पुढे झाले. "हमने बिछाया, अम्मा. पहले गलत बिछाया था. नंबर धुल गए थे. गलती हमारी थी."

साहेबांनी डोळे मिटून घेतले.

"फिर ठीक कैसे किया?" बाईंनी विचारलं.

"गाके किया."

बाईंच्या भावाने भुवई उचलली. बाई मात्र म्हणाल्या, "तो गाओ. मैं चलती हूँ।"

मग बाबाजी गायले नाहीत, पण त्याच लयीत हिंदीत सांगत गेले, आणि उम्म हारुन अनवाणी त्या शिरेवरून चालत गेल्या. झऱ्याशी त्या थांबल्या. टाक्याचं हुलियानच्या भाषेतलं नाव ऐकून म्हणाल्या, आमच्याकडेही टाक्याला जवळपास हाच शब्द आहे. सावलीच्या भिंतीपाशी त्यांनी हाताने आपल्या भावाला जवळ बोलावलं. त्यांचे आजोबा ह्याच बागेच्या पाटाचे पाटकरी होते. दिवसा सावलीवर आणि रात्री ताऱ्यांवर पाळ्या वाटायचे. "पानी पे उनका झगड़ा किसी से नहीं हुआ," त्या म्हणाल्या. सहा घरं परत बोलावली हे त्यांनी पुन्हा एकदा सांगायला लावलं. कुणी घाई केली नाही.

चर्चनंतरच्या सरळ लादीवर बाबाजींनी पिंपळाचीही कबुली देऊन टाकली. बाई हसल्या. "बूढ़े वहाँ धूप में बैठते होंगे बेचारे. आपने छाँव दी, इसमें क्या बुरा किया?"

"छाँव नहीं दी, अम्मा. पानी का रास्ता मोड़ दिया था।"

त्यावर त्या हसायच्या थांबल्या आणि त्यांनी मान हलवली. खिडकीशी पोचल्यावर भावाशी अरबीत काहीतरी बोलल्या. भाऊ वाकला, शेवटच्या लादीवर बोट फिरवलं, आणि शार्दूलसाहेबांना विचारलं, ह्या खाणीतून वर्षाला किती दगड निघतो?

दुबईच्या इमारतीचा दगड बेनाहारहून आला. दोन वर्षं येत राहिला, मग त्या इमारतीकडे बघून आणखी दोघांनी मागवला. क्रेट उघडताना मी प्रत्येकाला हात लावायचो. बदामाच्या भुशात बांधलेले असायचे ते, आणि त्याचा वास स्टोअरमध्ये आठवडाभर राहायचा. कचेरीतला तो माणूस आता फोनवर मला नावाने ओळखायचा. दोन हजार एकमध्ये त्याने सांगितलं की शाळेत चौदा मुलं आहेत, आणि हे सांगताना त्याचा आवाज शस्त्रक्रियेची बातमी देताना होता तितकाच शांत होता.

हुलियान परत आला नाही. डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली होती. बरा झाल्यावर एकदा त्याचा फोन आला. शार्दूलसाहेबांनी स्पीकर लावला आणि बाबाजींनी चाळीसही ठिकाणं म्हणून दाखवली. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. शेवटी तो म्हणाला की एकतिसावी आणि बत्तिसावी उलटसुलट झालीत, चौथा मळा पाचव्याच्या आधी यायला हवा. महादूचा चेहरा उतरला. बाबाजींनी विचारलं, उचलून बदलू का? तर म्हणाला, राहू दे, ते दोघे भाऊ होते, त्यांची पाळी अशीच बदलायची.

दोन हजार दोनच्या मार्चमध्ये तो गेला. बातमी आली त्या शुक्रवारी बाबाजींनी आख्यान लावलं नाही. नुसतं नामस्मरण केलं. आता बाबाजी कुडाळला असतात, महादू तिथेच फुजैऱ्यात मुकादम झालाय, मी असा तुमच्यासमोर बसून जमेल तसं सांगत असतो.

एक मागणं आहे. सकाळी देवापुढे उभे राहता तेव्हा आपल्या गेलेल्या माणसांची नावं घेता ना, त्यांत एक नाव माझ्यासाठी घ्या. हुलियान, गाव बेनाहार. गोत्र माहीत नाही. आईला पाण्याची पाळी कळायची, एवढं म्हटलंत तरी पोचेल.